दसऱ्याचा लॉट

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून बॅटरीचं जेल घोटतेय. खांदा गेला कामातून. उद्या-परवा करत टाळलं होतं, आज बसलेच. मोठा पांढरा डबा भरून झाला. वर माझ्या अक्षरात ठळक चिकटवलं, ‘हात लावू नये’. आमच्या युनिटमध्ये असं लिहिलं की आधी सगळे हात लावूनच बघतात.

बाळांसाठीच्या संस्थेतल्या डॉ. मॅडमचा फोन. पट्टे थंडीच्या आत हवेतच. सुरगाण्याच्या वरच्या पाड्यांवर जन्मतः कमी वजनाची बाळं, थंडीत गार पडतात, आईच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. बाळाच्या पायात कापडी पट्टा, बाळ गार पडलं की पट्ट्यावरचा निळा दिवा लुकलुकणार. बटण-सेल नको म्हणाल्या, मोठं भावंड काढून तोंडात घालतं. म्हणून आमची छापलेली बॅटरी. कागदासारखी पातळ, पायाभोवती वळणारी.

हिवाळ्यात ही चाचणी पार पडली तर पुढे सगळ्या डोंगरी तालुक्यांचं काम. नाही पडली तर मिक्सरची बटणं आणि लिफ्टचे स्टिकर छापत बसायचं, आणि ती बाळंही आहेत तिथेच. होईल म्हटलं. ठामपणे म्हटलं. फोन ठेवला आणि परत घोटायला बसले.

२ ऑक्टोबर, दसरा

सासरेबुवांचा हट्ट, युनिटमध्ये पूजा पाहिजे म्हणजे पाहिजे. अण्णांची उभी हयात छापखान्यात गेली. यंत्राची पूजा चुकली तर त्यांना ताप येतो.

मशीनला झेंडूच्या माळा. छपाईच्या चौकटीला हळदीकुंकू. मी ओरडले, “अहो जाळीवर नको, चौकटीवर लावा!” घरचे घट सकाळी उठवले होते, ते पाणी अण्णांनी तांब्यातून आणलं. आंब्याच्या पानानं चारी कोपऱ्यांत शिंपडलं. शोभा त्यांच्यामागे ताट घेऊन. (शोभा म्हणजे माझा उजवा हात. छपाई तिच्याकडे. नवरा परवडला, ती नसली तर चालत नाही.)

जेलच्या खोलीत कुणाला येऊ देत नाही एरवी. आज म्हटलं, जाऊ दे, सण आहे, म्हातारा माणूस आहे. मी शेजारच्या युनिटवाल्यांना सोनं द्यायला बाहेर गेले. परत आले तर अण्णा पेढे वाटत होते. चेहऱ्यावर काय समाधान!

७ ऑक्टोबर, मंगळवार

लॉट निघाला. काळी शाई, जस्ताची शाई, मध्ये जेलचा कागद, वरून फिल्म, चारी बाजूंनी गरम पट्टीनं सील. शोभाचा हात आज असा चालला की बघत बसावं. मीटर लावला, एकूण एक बरोबर.

सु. म्हणाला, “आता तरी हस.” नवऱ्याला फार घाई असते बायको हसण्याची. आधी बाळांच्या पायात जाऊ दे, मग हसते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पट्टे शिवून आले, मॅडमच्या ऑफिसात पोचते केले. उद्या जीपनं वर जाणार. वाटप दिवाळीनंतर.

अण्णांना एक दाखवला. त्यांनी अंगठ्यात घालून बघितला. “एवढासा पाय असतो?” म्हणाले. मग बराच वेळ काढलाच नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

देवा.

कपाट आवरायला काढलं. या लॉटमधल्या राखून ठेवलेल्या बॅटऱ्या फुगल्यात. पुरी फुगावी तशा. एक-दोन नाही, सगळ्याच कमी-जास्त. ऑगस्टच्या जुन्या शेजारी ठेवलेल्या, त्या सपाट.

आत गॅस धरलाय. वाढत गेला की सील उघडणार, आतलं जेलचं पाणी बाहेर. ते माझ्या हाताला लागलं तरी चुरचुरतं. बाळाच्या कातडीला लागलं तर…

सु.ला दाखवलं. म्हणाला, “वाटप अजून झालं नाही ना? मग आधी कारण शोध. कारण नसताना फोन केलास तर त्या म्हणतील, यांना कळतच नाही काही.” पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

दिवे लावले. धड एकही नीट लागला नाही माझ्याकडून.

१९ ऑक्टोबर, रविवार

जस्तवाल्याला फोन. तीच पावडर, तेच पोतं, ऑगस्टमध्ये ज्यातून केलं तेच. म्हणजे ती नाही. फिल्म तीच. सीलची पट्टी तीच.

मग राहिलं कोण? शोभाला बोलावलं. आज सुट्टी तिची. तोंडाचा पट्टा सुटला माझा. शाई ओढायची स्क्वीजी कशानं धुतलीस, हातात काय होतं, बांगड्या काढल्या होत्यास का, अंगठी? ती म्हणाली, “ताई, मी तुमच्याकडं स्वच्छ हातानं काम केलंय. तुमाला माझ्यातच खोट दिसत असंल तर बघत बसा.” आणि गेली. चप्पलसुद्धा हातात घेऊन गेली, बाहेर जाऊन घातली.

बरोबर बोलले का मी? कुणास ठाऊक. माझा जीव थाऱ्यावर नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

फराळाला बसलो होतो. अण्णा खुशीत. चकली मोडता मोडता म्हणाले, “मीना, बांधले का गं पट्टे पोरांना?” म्हटलं, दिवाळी झाली की. तर म्हणाले, “तू काही काळजी करू नकोस. दसऱ्याला तुझ्या त्या पांढऱ्या डब्यात मी घटाचं पाणी घातलंय. म्हटलं, लेकरांच्या अंगाला लागणार, देवीचं काहीतरी असू दे त्यात.”

लाडू हातातच राहिला माझ्या.

“किती घातलंत, अण्णा?”

“तांब्यात उरलेलं सगळं. वाटेल तिथं ओतायचं नसतं ना ते.”

अख्खं नवरात्र तांब्याच्या कलशात राहिलेलं पाणी. आत सुपारी, नाणं. आणि मी इथे तांब्याची अंगठी घालून कुणाला खोलीत पाऊल टाकू देत नाही! जस्तात तांब्याचा अंश गेला की आत गॅस धरणार, धरणार, धरणारच. शोभाला हे मी पहिल्या दिवशी शिकवलं. अण्णांना शिकवलं नाही, कारण अण्णांनी त्या खोलीत यायचंच नव्हतं. सण आहे म्हणून दार उघडलं कुणी? मी.

सु.नं टेबलाखालून पाय दाबला. बोलू नकोस. मी बोलले काय तर, “बरं केलंत, अण्णा.” कसं निघालं तोंडून देवच जाणे. ते हसले आणि अजून एक चकली घेतली.

आत जाऊन दार लावून मॅडमना फोन. सगळं सांगितलं. कुणी केलं ते नाही सांगितलं, काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “वाटप थांबवा म्हणून मंजुळाताईंना कळवते. पण मीना, तुला हे आज कळलं?”

फुगलेल्या शनिवारी सापडल्या, म्हटलं.

“शनिवारी,” म्हणाल्या. एवढंच. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मंजुळाताई म्हणजे तिथल्या आशा सेविका. दुपारपर्यंत त्यांना फोन लागत नव्हता. लागला तर म्हणाल्या, काही बायांना पट्टे देऊन झाले. कारण दिवाळी झाली की माणसं बागेच्या कामाला खाली उतरतात, मग कुठे शोधायचं त्यांना? चांगुलपणानं दिले.

भाऊ ओवाळून घ्यायला येणार होता. त्याला येऊ नको म्हटलं. रागावला. रागाव बाबा, तूही रागाव.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सु. आणि मी पहाटे सुरगाण्याला निघालो. घाटात मध्येच पाऊस. दिवाळी झाली तरी हा जायला तयार नाही.

मंजुळाताईंनी पेटी पुढ्यात ठेवली. पेटीतले पट्टेसुद्धा फुगायला लागलेत. मग घरोघर. एका घरात आजीनं पट्टा बाळाच्या पायातून काढून देवाजवळ ठेवला होता. एकीनं अजून बांधलाच नव्हता, म्हणाली, “भ्या वाटत व्हतं.” मी बाळांचे पाय उलटेपालटे करून बघत होते. कुठे लाली नाही, चट्टा नाही. बाया माझ्याकडे बघत होत्या, ही कोण वेडी आली म्हणून.

एक पट्टा कमी. यमुना नावाची बाई. मुलगी सव्वा महिन्याचीही नाही. काल सकाळी पिकअपमधून दिंडोरीकडे गेली, नवऱ्याबरोबर, द्राक्षाच्या बागेत. पट्टा पोरीच्या पायात.

“कुणाच्या बागेत?”

मंजुळाताई म्हणाल्या, “त्ये मुकादमालाच ठावं. गाडी जिथं नेईल तिथं जात्यात.”

आख्खा दिंडोरी तालुका बागांचा!

२५ ऑक्टोबर, शनिवार

मुकादमाचं नाव मिळालं, नंबर बंद. मग बाग-बाग. छाटणी चाललेली, सगळीकडे काड्यांचे ढीग, फवारणीचा वास. प्रत्येक ठिकाणी तेच विचारायचं, सुरगाण्याकडची माणसं आलीत का, तान्ही मुलगी आहे का बरोबर. एका बागाईतदारानं विचारलं, “सरकारी का? कामगार खात्याच्या का?” दुसऱ्यानं चहा पाजला आणि मुलासाठी नोकरी विचारली.

वाटेत मी काय काय डोळ्यांसमोर आणलं ते इथे लिहीत नाही.

दुपार कलताना सापडली. कालव्याच्या बाजूला पत्र्याची खोली, मागे प्लॅस्टिकचा कागद. यमुना विशीचीसुद्धा नसेल. पोरगी झोळीत. मी झोळीत हातच घातला. पट्टा टम्म फुगलेला. सील एका कोपऱ्यात पांढरं पडलेलं, उघडायच्या बेतात. पाय कोरडा. गुलाबी. हलवला तर तिनं लाथ मारली मला.

मी रडले. मटकन खाली बसून रडले. सु. बाहेर जाऊन उभा राहिला.

कात्रीनं पट्टा कापायला गेले तर यमुनानं माझं मनगट धरलं.

“काय करता, बाई?”

म्हटलं, हा खराब झालाय, पोरीला इजा होईल, नेते.

“खराब कसा? काल रातीला निळा पेटला ना. मी उठले, पोर गार व्हती. पोटाशी घेतली, लुगड्यात गुंडाळली, मंग इझला. त्येनंच तं उठवलं मला.”

तिला समजावलं. आतलं पाणी, कातडी, सगळं. ती ऐकून घेत होती. मग मनगट सोडलं.

“मंग दुसरा द्या.”

दुसरा नव्हता. माझ्याकडे जगात कुठेच धड दुसरा नव्हता. नवा करून आणते म्हटलं. तिनं सु.कडे बघितलं, तो खरं सांगेल म्हणून. त्यानं मान डोलावली. माझा नंबर पुठ्ठ्यावर लिहून दिला.

२६ ऑक्टोबर, रविवार

शोभाच्या घरी गेले. हात जोडले. ती कांदा चिरत होती, चिरतच राहिली. सगळं सांगितलं, अण्णांचंसुद्धा. चिरणं थांबलं.

“अण्णांना सांगितलंत?”

नाही.

“नका सांगू. म्हातारं माणूस जीवाला लावून घेईल.” मग म्हणाली, “आन् मला मात्र लगेच विचारलंत. अंगठी घातली व्हती का म्हणून.” जेवायला वाढलं तिनं. बोलली नाही फारशी, पण वाढलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

नवा लॉट. नवा डबा, नवं जेल, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. सु. म्हणतो मंगळसूत्रापेक्षा जड झालीय.

मॅडमच्या संस्थेची समिती आहे, त्यांना कारण लेखी हवं. सु. म्हणाला, “लिही, जस्ताची पावडर खराब आली. कोण बघायला येतंय?” म्हणजे ज्या जस्तवाल्यानं काही केलं नाही त्याच्या गळ्यात बांधायचं. शोभाच्या गळ्यात बांधून झालंय एकदा, बस झालं. खरं लिहिलं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी श्रद्धेनं पाणी घातलं, मी खोली उघडी ठेवली. मॅडमनी वाचलं, म्हणाल्या, “समितीतले हसतील तुला.” हसू देत.

चाचणी थांबवली आहे. पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी बैठक. तोवर कुणाच्याही पायात पट्टा नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

युनिटमधल्या आम्ही सगळ्याच जणींनी नव्या बॅटऱ्या अंगावर बांधल्यात. अंगाच्या उबेत काय होतं ते कळायला. मी ब्लाउजच्या आत. शोभानं कमरेला. भाकऱ्या थापताना, झोपताना, काढायची नाही. सकाळी आलो की ओळीनं उभं राहून एकमेकींच्या बघायच्या. आज शोभाची मला फुगल्यासारखी वाटली. ती म्हणाली, “बॅटरी न्हाई ताई, पोट सुटलंय माझं.” किती दिवसांनी हसलो.

मग परत कामाला. फुगायला वेळ लागतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

अण्णा रोज विचारतात. “बाळं कशी आहेत?” मी म्हणते, छान आहेत. आज म्हणाले, “एकदा घेऊन चल मला. लांबून बघीन.” नेते म्हटलं. खोटं बोलायची सवय लागतेय. पण त्यांच्याकडे बघून खरं निघत नाही. त्यांनी विष घातलं नाही, माया घातली डब्यात, आणि हे मी त्यांना कोणत्या तोंडानं समजावू?

१२ नोव्हेंबर, बुधवार

थंडी पडली. एका रात्रीत. पेटीतून स्वेटर काढले.

नाश्त्याच्या वेळी अनोळखी नंबर. यमुना, मुकादमाच्या फोनवरून.

“बाई, पट्टा कधी देशाल?”

म्हटलं, सोमवारी बैठक आहे, मग बघू. तिला बैठक म्हणजे काय ते कळलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नाही.

“पोरगी कालपासून दूध कमी पेती. गार हाय का नाय, तेच समजत नाय.”

हात लावून बघ म्हटलं. पोटाला, पाठीला.

“हातानं कसं समजंल? दिसभर द्राक्षाचं घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं. माजंच हात बरफ.”

गालानं बघ.

“बघितला. त्यो बी गारच हाय माजा.”

मागून मुकादम काहीतरी ओरडला, फोन बंद.

लगेच मॅडमना लावला. म्हणाल्या, दिंडोरीच्या नर्सला आत्ता पाठवते, पोरीला दवाखान्यात बघतील. पट्ट्याचं विचारलं. “मीना, ते माझ्या एकटीच्या हातात नाही. सोमवारपर्यंत थांब.” त्यांचाही आवाज बरा नव्हता. अर्ध्या तासानं परत फोन, नर्स दुसऱ्या गावात आहे, दुपारनंतर जाईल.

दुपारनंतर!

पिशवी भरली. दुलई, लोकरीच्या टोप्या, मोजे, भाचीच्या लेकीचं झबलं. हे द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि आम्ही दोघं गेलो तर पोरीला गाडीत घालून सरळ दवाखान्यात नेता येईल. ते तर ठरलंच.

शोभानं न विचारता नवा पट्टा टेबलावर आणून ठेवला. बॅटरी बसवलेला, दिवा तपासलेला. बर्फाच्या पाण्याची पिशवी लावली तर निळा लागतोय, हातात धरला की विझतोय. म्हणाली, “दवाखान्यातनं सोडलं की पोरगी परत त्याच पत्र्यात जाणार, ताई. आज न्हाई तर उद्या.”

सु. गाडीची किल्ली घेऊन दारात. “घ्यायचा का नाही ते सांग.”

पट्टा उचलून बोटांनी दाबून बघतेय. कडेनं, मध्ये, सीलच्या कोपऱ्यांत. कुठे फुगवटा नाही. माझ्या अंगावरचीलाही नाही, शोभाच्याही नाही.

दसऱ्याचा लॉटही पहिला आठवडाभर असाच सपाट होता.

खाली सु.नं गाडी चालू केलीय.